मूळ गाडी, मूळ साचा आणि पुनर्प्रकाशन : प्रमाणबद्ध मोटार-प्रतिकृतींच्या समीक्षेचे निकष

सारांश

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जोडावयाच्या प्रमाणबद्ध मोटार-प्रतिकृतींचे, म्हणजे किटचे, मूल्यमापन करताना 'अचूकता' हा एकच शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. जुन्या साच्यांतून पुनःपुन्हा काढल्या जाणाऱ्या किटच्या बाबतीत हा गोंधळ अधिक वाढतो. कारण अशा वेळी प्रतिकृती मूळ गाडीशी प्रामाणिक असावी की स्वतःच्या पहिल्या आवृत्तीशी, हा प्रश्न उभा राहतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि ते वेगळे ठेवल्याशिवाय पुनर्प्रकाशनाची समीक्षा संभवत नाही, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी पाठचिकित्सेतील संकल्पनांचा आधार घेतला असून अमेरिका, इंग्लंड व जपान येथील किट आणि महाराष्ट्रात तयार झालेली जीप व प्रीमियर पद्मिनी या वाहनांच्या आधारे निकष तपासले आहेत.

बीजशब्द : प्रतिकृती, प्रमाण, साचा, पुनर्प्रकाशन, पाठचिकित्सा, प्रीमियर पद्मिनी, महिंद्र जीप.

१. प्रास्ताविक

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्याचा बुरूज किती उंच असावा, मावळ्याच्या तुलनेत दरवाजा केवढा असावा, याचा हिशेब कोणी मागत नाही. दरवाजापेक्षा मावळा उंच झाला तरी किल्ला किल्लाच राहतो. कारण त्याने मोजमापाचे वचन दिलेले नसते. याच पुण्यात १९९८ पासून कोथरूड येथे लघुरेल्वेचे जोशी संग्रहालय आहे. तेथे रूळ, डबे, सिग्नल यांचे परस्परप्रमाण सांभाळलेले असते आणि पाहणाऱ्याचा आनंद त्या सांभाळण्यावरच उभा असतो. पहिली प्रतिकृती स्मृतीची आहे, तर दुसरी मापाची.

प्लॅस्टिकचे मोटार-किट दुसऱ्या जातीत मोडते. त्याच्या खोक्यावर १:२४ किंवा १:२५ असे प्रमाण छापलेले असते. हे प्रमाण म्हणजे एक विधान आहे आणि विधान असल्यामुळे ते खरे-खोटे ठरविता येते. खेळण्याबाबत आवडनिवड पुरेशी असते. किटबाबत समीक्षा शक्य होते ती या विधानामुळे.

पुणे परिसरात या विषयाला एक स्वाभाविक संदर्भ आहे. पिंपरी-चाकण पट्ट्यात वाहने व त्यांचे भाग तयार होतात. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत नगर रस्त्यालगतचे गाव म्हणून ओळखली जाणारी खराडी आज तंत्रज्ञान-संकुलांची वसाहत झाली आहे. आराखडा वाचणारा, साचा म्हणजे काय हे जाणणारा आणि दशांश मिलिमीटरचा अर्थ समजणारा वर्ग येथे आहे. तरीही अशा किटविषयीची चर्चा बहुधा 'छान जमले' किंवा 'चुकीचे आहे' एवढ्यावर थांबते. चूक कशाच्या तुलनेत, हे विचारले जात नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या प्रश्नावर आहे.

२. अचूकतेचे तीन स्तर

अचूकतेचा पहिला स्तर मापाचा होय. प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर सुमारे २,३४० मिलिमीटर आहे. १:२४ प्रमाणात ते ९७.५ मिलिमीटर होईल आणि १:२५ प्रमाणात ९३.६ मिलिमीटर. फरक चार मिलिमीटरांहून कमी आहे, पण १:२४ ची प्रतिकृती १:२५ च्या खोक्यात घातली, तर तिच्या हिशेबाने मूळ गाडी जवळजवळ दहा सेंटिमीटर लांब ठरते. हा केवळ कल्पित धोका नाही. अमेरिकेत मोनोग्राम कंपनी प्रामुख्याने १:२४ आणि रेव्हेल कंपनी प्रामुख्याने १:२५ प्रमाणात मोटारींचे किट काढत असे. १९८६ मध्ये दोन्ही एकत्र आल्यावर दोन्ही प्रमाणांचे साचे एकाच मालकीत आले. त्यामुळे एकाच नाममुद्रेखाली दोन मापांच्या गाड्या बाजारात राहिल्या. खोक्यावरील आकडा न वाचता त्या शेजारी मांडणाऱ्यास एक गाडी उगाच थोराड वाटते.

दुसरा स्तर दर्शनाचा. प्रत्येक माप भागाकाराने लहान करणे शक्य नसते आणि शक्य असले तरी इष्ट नसते. दरवाजा व पत्रा यांमधील पाच मिलिमीटरची फट १:२५ प्रमाणात ०.२ मिलिमीटर होते. रंगाचा एक जाड थर तिला बुजवून टाकतो. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो; पण प्लॅस्टिकची भिंत सुमारे एक मिलिमीटर जाड ठेवावी लागते आणि मूळ प्रमाणात ती २५ मिलिमीटर जाड ठरते. ही जाडी बाहेरच्या आकारात वाढविता येत नाही म्हणून ती आतल्या जागेतून वजा होते. परिणामी अनेक किटमधील आसने मूळ गाडीपेक्षा अरुंद असतात. शिवाय साच्यातून भाग सुटून यावा म्हणून उभ्या पृष्ठांना थोडा उतार द्यावा लागतो. या तडजोडी अपरिहार्य आहेत. समीक्षकाने त्यांना दोष न म्हणता, त्या कोठे लपविल्या आणि कोठे उघड्या पडल्या, हे पाहावे. छताची कमान, पुढच्या काचेचा कल, चाकावरील कमानीचा कोन या ठिकाणी डोळा अत्यंत तीक्ष्ण असतो. तेथे झालेली अर्ध्या मिलिमीटरची चूक गाडीचा चेहराच बदलते; तीच चूक तळाच्या धुराड्यात झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरा स्तर ऐतिहासिक विशिष्टतेचा होय. प्रतिकृती 'एका गाडीची' नसते. ती एका वर्षाच्या, एका देशात विकल्या गेलेल्या, एका विशिष्ट इंजिनाच्या गाडीची असते. माप बरोबर आणि दर्शन सुरेख असूनही या स्तरावर प्रतिकृती सपशेल चुकीची असू शकते. याची उदाहरणे पुढे सहाव्या विभागात येतील.

या तिन्ही स्तरांवर एकाच वेळी परिश्रम केल्याचे उदाहरण म्हणून जपानच्या तामिया कंपनीच्या १:१२ प्रमाणातील पोर्श ९३४ चा उल्लेख केला जातो. १९७६ च्या या किटच्या तयारीसाठी कंपनीचे शुनसाकु तामिया यांनी पोर्श ९११ ही गाडीच विकत घेतली आणि ती सुटी करून तपासली. आराखड्यांवर विसंबण्याऐवजी वस्तूच समोर ठेवून मापे घेण्याची ही वृत्ती होती. मात्र या कथेकडेही चिकित्सकपणे पाहावयास हवे. सुटी केलेली गाडी रस्त्यावरची ९११ होती, तर किट शर्यतीच्या ९३४ चे होते. म्हणजे प्रत्यक्ष वस्तू हाती असली, तरी ती नेमकी तीच वस्तू आहे काय, हा प्रश्न उरतोच.

३. साचा : बदलत जाणारी संहिता

किटचे पुनर्प्रकाशन म्हणजे पुस्तकाचे पुनर्मुद्रण, असे वरकरणी वाटते. पोलादी साचा जपून ठेवावा, वीस वर्षांनी तो यंत्रावर चढवावा, वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने आत सोडावे आणि पूर्वीचेच भाग बाहेर यावेत, असे त्याचे आदर्श रूप होय. व्यवहारात मात्र साचा क्वचितच तसाच राहतो.

याचे कारण या उद्योगाच्या जन्मकथेत आहे. अमेरिकेतील एएमटी ही कंपनी सुरुवातीस मोटार-विक्रेत्यांसाठी जाहिरातीच्या छोट्या प्रतिकृती तयार करीत असे. नव्या वर्षाची गाडी दुकानात येताना तिची छोटी प्रतिकृतीही काउंटरवर यावी, हा तिचा हेतू. या प्रतिकृती मोटार-कंपन्यांच्या सहकार्याने, त्यांच्या मूळ आराखड्यांवरून होत. त्यामुळे त्यांच्या बाह्य आकाराला एक अधिकृतता होती. १९५० च्या दशकात त्यांसाठी सेल्युलोज ॲसिटेट वापरले जाई आणि ते कालांतराने वाकडे होई, त्यामुळे आज त्यांतील अनेक प्रतिकृती स्वतःच्याच मापाशी प्रामाणिक राहिलेल्या नाहीत. १९५८ पासून एएमटीने त्याच धर्तीवर जोडावयाचे किट आणले. एकाच खोक्यातून गाडी मूळ स्वरूपात, सजविलेल्या स्वरूपात किंवा शर्यतीच्या स्वरूपात जोडता येत असे.

पुढच्या वर्षी गाडीची जाळी आणि मागचे दिवे बदलले की नवा साचा करण्याऐवजी जुन्या साच्यातच फेरफार केला जाई. हा निर्णय व्यापारी दृष्ट्या रास्त होता. पण त्यामुळे १९६३ ची गाडी १९६४ ची झाली की १९६३ ची गाडी साच्यातून कायमची नाहीशी होई. पुढे तोच साचा शर्यतीच्या गाडीसाठी वापरला गेला, तर चाकांवरील कमानी मोठ्या कापल्या जात आणि मूळ रेषा पुन्हा मिळत नसे.

येथे साच्याचा एक तांत्रिक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. साच्यातील पोलाद कोरले की प्लॅस्टिकवर भर पडते. कोरणे सोपे असते. कोरलेले भरून काढणे, म्हणजे वेल्डिंग करून पुन्हा घासणे, कठीण आणि खर्चिक असते. म्हणून साच्यात सहसा भरच पडत जाते. एकदा आलेला फुगवटा, उठाव वा पट्टी सहजी जात नाही.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे वर्णन परिचित वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच अनुभवावर उभी आहे. हस्तलिखितांच्या परंपरेत लेखनिक सहसा गाळत नाही, भर घालतो. त्यामुळे संहिता वाढत जाते आणि संपादकाला प्रक्षेप ओळखावे लागतात. साचा आणि हस्तलिखित यांत एक महत्त्वाचा फरक मात्र आहे. हस्तलिखिताची नवी प्रत केली तरी जुनी प्रत शिल्लक राहू शकते. साच्यात फेरफार झाला की जुना पाठ त्याच पोलादात नष्ट होतो. मग त्याचे साक्षीदार उरतात ते एवढेच : पूर्वी विकली गेलेली आणि कोणाच्या तरी माळ्यावर न जोडता राहिलेली किट.

४. पुनर्प्रकाशनाचे चार प्रकार

या पार्श्वभूमीवर 'पुनर्प्रकाशन' या एका शब्दाखाली येणारे किमान चार प्रकार वेगळे करता येतात.

पहिला प्रकार शुद्ध पुनर्मुद्रणाचा. साचा जसा होता तसा वापरला जातो. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे १:१२ प्रमाणातील साडेचार लिटर सुपरचार्ज्ड बेंटलीचे किट १९७१ मध्ये आले आणि नंतर अनेकदा पुन्हा काढले गेले. मधल्या काळात १९८१ मध्ये कंपनी कोसळली. नाव व साचे जनरल मिल्स समूहाकडे, १९८६ मध्ये हंब्रॉलकडे आणि २००६ मध्ये हॉर्नबीकडे गेले. एवढ्या हस्तांतरांतूनही बेंटलीचा साचा टिकला. अशा किटचा दोष सांगताना त्याचे वय विसरता कामा नये. साच्याची झीज, दोन अर्ध्यांच्या सांध्यातून बाहेर आलेली प्लॅस्टिकची पातळ झालर, बोथट झालेले बारकावे हे पुनर्मुद्रणाचे दोष आहेत. स्पोक असलेल्या चाकांचा जाडपणा हा १९७१ च्या तंत्राचा मर्यादाविशेष आहे. दोहोंना एकाच मापाने तोलणे अन्यायाचे होय. अलीकडच्या वर्षांत एअरफिक्सने जुन्या साच्यांची किट 'व्हिंटेज क्लासिक्स' या वेगळ्या मालिकेखाली आणली, हे या दृष्टीने स्वागतार्ह आहे. ग्राहकाला आपण जुनी आवृत्ती घेत आहोत हे खोक्यावरच कळते.

दुसरा प्रकार संक्षिप्त किंवा गाळीव आवृत्तीचा. साचा तोच, पण काही तपशील गाळलेले. टायरवरील उत्पादकाचे नाव परवान्याच्या प्रश्नामुळे पुसले जाते. शर्यतीच्या गाड्यांवरील तंबाखू कंपन्यांची नावे पुढील काळात डेकलच्या पानावरून काढली गेली. लोटस संघाची काळी-सोनेरी गाडी तिच्या पुरस्कर्त्या सिगारेटच्या नावाविना अनेकदा पुन्हा बाजारात आली. तंबाखूची जाहिरात मुलांच्या हाती जाऊ नये हा हेतू योग्यच आहे. पण १९७० च्या दशकात मोटार-शर्यती कोणाच्या पैशावर चालत होत्या, हा इतिहासही त्या कागदाबरोबर पुसला जातो. येथे आक्षेप गाळण्यावर नाही. गाळले आहे हे न सांगण्यावर आहे.

तिसरा प्रकार संकरित आवृत्तीचा. एका वर्षाच्या गाडीची बॉडी, दुसऱ्या वर्षाच्या साच्यातील तळ, तिसऱ्याच किटची चाके एका खोक्यात भरली जातात आणि त्यावर नवे नाव छापले जाते. समीक्षकाने अधिकाधिक सावध राहावे असा हा प्रकार आहे. कारण प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पाहिला तर बरोबर असतो, चूक त्यांच्या एकत्र येण्यात असते.

चौथा प्रकार पुनर्रचित आवृत्तीचा. एएमटीची मालकी १९७८ मध्ये लेस्नीकडे, नंतर एर्टलकडे आणि शेवटी राउंड टू या कंपनीकडे आली. राउंड टूने अलीकडच्या काळात नष्ट झालेले भाग जुन्या किटच्या मोजमापावरून नव्याने तयार करून काही गाड्या मूळ रूपात परत आणल्या. ही खऱ्या अर्थाने चिकित्सक आवृत्ती होय : उपलब्ध साक्षीदारांच्या आधारे हरवलेल्या पाठाची पुनर्स्थापना. मात्र येथे एक सूक्ष्म पेच आहे. पुनर्रचना जुन्या किटवरून केली, तर जुन्या किटमधील चुकाही तिच्यात येतात. त्या दुरुस्त कराव्यात काय? दुरुस्त केल्या तर किट गाडीच्या जवळ जाते आणि स्वतःच्या मूळ आवृत्तीपासून दूर जाते. बालपणी जोडलेले किट पुन्हा हाती यावे म्हणून ते घेणारा ग्राहक आणि गाडीचा अभ्यासक यांची अपेक्षा येथे परस्परविरोधी आहे. संपादकाने कोणत्याही एका बाजूने निर्णय घ्यावा. परंतु तो निर्णय सांगावा.

५. मूळच नष्ट झाले तर : टर्बाइन कार

अचूकतेचा प्रश्न हा केवळ छंदिष्टांचा हट्ट नाही, हे क्रायस्लर कंपनीच्या टर्बाइन कारवरून दिसते. झोतयंत्राच्या तत्त्वावर चालणाऱ्या या गाडीच्या बॉडी इटलीतील घिया कारखान्यात तयार झाल्या. चाचणी-नमुने ५ आणि लोकांना वापरण्यास देण्यासाठी ५० अशा एकूण ५५ गाड्या झाल्या. १९६३ ते १९६६ या काळात २०३ व्यक्तींनी त्या आळीपाळीने चालविल्या. प्रयोग संपल्यावर कंपनीने बहुतेक गाड्या नष्ट केल्या. केवळ ९ शिल्लक राहिल्या.

याच काळात डेट्रॉइटच्या जो-हान कंपनीने या गाडीचे १:२५ प्रमाणातील किट काढले आणि पुढे ते पुन्हा बाजारात आले. रस्त्यावर ही गाडी पाहणे जवळजवळ अशक्य झाल्यानंतर अनेकांसाठी हे किट हेच तिचे हाताळता येणारे रूप उरले. येथे प्रतिकृतीचा दर्जा बदलतो. ती वस्तूची आठवण न राहता वस्तूचा पुरावा होते. पुराव्यात केलेला लहानसा फेरफारही मग साधा राहत नाही. एखाद्या पुनर्प्रकाशनात चाकाच्या टोप्या बदलल्या, तर मूळ गाडीच्या नऊ नमुन्यांपर्यंत पोहोचू न शकणारा अभ्यासक त्याच टोप्या खऱ्या मानणार. चुकीचे किट अशा रीतीने चुकीची स्मृती तयार करते.

६. मराठी परिसराची कसोटी : जीप आणि पद्मिनी

वरील निकष आपल्या ओळखीच्या वाहनांना लावले असता त्यांची धार अधिक स्पष्ट होते.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे किट तामियासह अनेक कंपन्यांनी, मुख्यतः १:३५ प्रमाणात, काढले आहे. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची सुट्या भागांतून जुळणी सुरू केली. म्हणजे भारतातील जीप हीच एका अर्थाने प्रथम 'किट' म्हणून आली. त्यामुळे युद्धकालीन जीपचे किट घ्यावे, त्याला खाकी वा पांढरा रंग द्यावा आणि तिला मामलेदाराची किंवा पोलिसांची जीप म्हणावे, हा मोह स्वाभाविक आहे.

येथेच तिसऱ्या स्तराची परीक्षा लागते. महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी पाहिलेली जीप ही बहुतांशी विलीजच्या सीजे-३बी या १९५३ च्या नमुन्यावर आधारलेली होती. युद्धकालीन एमबी आणि सीजे-३बी या दोन्ही गाड्यांच्या आसांमधील अंतर सुमारे ८० इंचच आहे. १:३५ प्रमाणात दोन्ही ठिकाणी ते ५८ मिलिमीटर भरते. मोजपट्टीला हा फरक कळत नाही. पण सीजे-३बी च्या इंजिनात झडपांची रचना बदलल्याने इंजिन उंच झाले, त्यामुळे बॉनेट उंच झाले आणि गाडीचा चेहराच पालटला. युद्धकालीन गाडीच्या जाळीत नऊ उभ्या फटी व आत दडलेले छोटे दिवे होते; नागरी जीपच्या जाळीत सात फटी व मोठे दिवे आले. युद्धकालीन गाडीच्या मागे उघडणारे फळकूट नव्हते आणि जादा चाक पाठीवर असे. नागरी जीपला मागचे फळकूट आले आणि चाक बाजूला सरकले. पुढची दुभंगलेली काच जाऊन एकसंध काच आली. आपल्याकडे स्टिअरिंगही उजवीकडे होते. शेतीमाल, निवडणुकीचे साहित्य किंवा लग्नाचे वऱ्हाड वाहण्यास उपयोगी पडलेले मागचे फळकूट हा केवळ तांत्रिक तपशील नाही. युद्धाचे वाहन ग्रामीण जीवनाचे वाहन कसे झाले, याचीच ती खूण आहे. युद्धकालीन किटला देशी रंग देताना नेमकी हीच खूण हरवते.

प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० च्या निरनिराळ्या आवृत्त्या तयार झाल्या. गोलसर जुन्या गाडीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढे इटलीत १९६२ मध्ये आलेली ११००-डी येथे १९६० च्या दशकाच्या मध्यापासून निघू लागली, १९७० च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले आणि या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. इटलीत ११००-डी चार-पाच वर्षांतच मागे पडली. कुर्ल्यात तिच्याच हत्यारांतून तीन दशकांहून अधिक काळ गाड्या निघाल्या.

याचा अर्थ असा की पद्मिनी ही स्वतःच एक पुनर्प्रकाशन आहे. किटच्या साच्याबाबत वर जे सांगितले, ते सर्व तिला लागू पडते : हत्यारांचे स्थलांतर, नावाचा बदल, काळानुसार केलेली भर, मूळ रेषेचे टिकून राहणे. मग पद्मिनीची प्रतिकृती करताना 'मूळ' कोणते मानावयाचे? इटलीतील आराखडा मानला तर डावीकडचे स्टिअरिंग येते आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी हातची जाते. कुर्ल्याची गाडी मानली तर कोणत्या वर्षाची, हे सांगावे लागते. कारण तपशील बदलत गेले. टॅक्सी मानली तर टपावरची सामानाची जाळी व भाड्याचे मीटर हे कारखान्याने न दिलेले पण गाडीच्या सामाजिक अस्तित्वाचे अविभाज्य भाग कसे वगळणार? पाठचिकित्सेच्या भाषेत सांगावयाचे तर काही प्रक्षेप असे असतात की लोकपरंपरेने त्यांना संहितेचाच दर्जा दिलेला असतो. टॅक्सीवरील जाळी हा असा प्रक्षेप आहे. तो काढून टाकणारी 'शुद्ध' प्रतिकृती मापात अचूक आणि इतिहासात अपुरी ठरेल.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. टर्बाइन कारच्या बाबतीत जे एका कंपनीच्या निर्णयाने झाले, ते येथे काळाच्या आणि नियमाच्या ओघात होत आहे. गाड्या लाखांनी नसल्या तरी अद्याप पाहता येतात, मोजता येतात. त्यांची नेमकी मापे आणि वर्षनिहाय तपशील आज नोंदविले गेले नाहीत, तर उद्या निघणारी कोणतीही प्रतिकृती इटालियन आराखड्यावर आणि चित्रपटांतील दृश्यांवर विसंबेल.

७. समीक्षेचे निकष

वरील विवेचनातून पुनर्प्रकाशित किटच्या समीक्षेसाठी पुढील प्रश्नक्रम सुचविता येतो.

एक, हे किट कोणत्या गाडीचे आहे : वर्ष, देश, इंजिन व उपयोग यांसह? दोन, साचा प्रथम कोणत्या वर्षी तयार झाला आणि त्यात कोणते फेरफार झाले? तीन, प्रस्तुत आवृत्ती वर सांगितलेल्या चार प्रकारांपैकी कोणत्या प्रकारची आहे? चार, आढळलेला दोष मूळ साच्याचा आहे, झिजेचा आहे, की संपादनाचा? पाच, गाळलेले वा बदललेले तपशील ग्राहकाला सांगितले आहेत काय?

या क्रमात 'गाडीशी किती जुळते' हा प्रश्न पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावरच अर्थपूर्ण होतो. तसेच शेवटचा प्रश्न नैतिक स्वरूपाचा आहे. १९७१ चा साचा नव्या चित्राच्या खोक्यात घालून तो नवा असल्याचा आभास निर्माण करणे आणि तोच साचा त्याच्या वर्षासह सादर करणे यांत प्लॅस्टिकचा एक कणही वेगळा नसतो. वेगळा असतो तो वाचकाशी, म्हणजे ग्राहकाशी, असलेला व्यवहार. पुस्तकाच्या मागील पानावर 'पहिली आवृत्ती', 'दुसरे मुद्रण' असे छापण्याची जी शिस्त प्रकाशनव्यवहारात रुळली आहे, तिचीच अपेक्षा येथे आहे.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. किट हा करमणुकीचा जिन्नस आहे. त्यावर पाठचिकित्सेचे ओझे लादणे म्हणजे चिमणीवर तोफ डागणे होय, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे, पण अंशतः. जो केवळ जोडण्याच्या आनंदासाठी किट घेतो, त्याला जाळीतील फटी मोजण्याची गरज नाही आणि समीक्षकाने त्याच्या आनंदात विघ्न आणू नये. मात्र ज्या क्षणी खोक्यावर प्रमाण, वर्ष आणि गाडीचे नाव छापले जाते, त्या क्षणी उत्पादकानेच वस्तूला दस्तऐवजाचा दर्जा दिलेला असतो. समीक्षक फक्त तो दर्जा गंभीरपणे घेतो.

८. समारोप

प्रतिकृतीची अचूकता ही एका दिशेने मोजावयाची गोष्ट नाही. मूळ गाडीशी असलेली निष्ठा आणि मूळ किटशी असलेली निष्ठा हे दोन स्वतंत्र निकष आहेत. पहिल्याने गाडीचा इतिहास राखला जातो, दुसऱ्याने प्रतिकृतीच्या कलेचा. दोन्ही राखण्याजोगे आहेत. पुनर्प्रकाशनाचा खरा दोष यांपैकी एकाची निवड करण्यात नाही. निवड न सांगता दोन्हींचा दावा करण्यात आहे.

महाविद्यालयीन स्तरावर या विषयाचा एक सरळ उपयोग होऊ शकतो. खराडीच्या संगणकीय कार्यालयांपासून नगर रस्त्याने थोडे पुढे ग्रामीण भागात गेले असता जुनी जीप आजही एखाद्या गोठ्याशेजारी उभी आढळू शकते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तिची मापे घ्यावीत, इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्या मालकाकडून तिचे वर्ष, दुरुस्त्या व उपयोग नोंदवावेत आणि भाषेच्या विद्यार्थ्याने तिच्या भागांना गॅरेजमध्ये रुळलेली नावे टिपावीत. अशी नोंद झाली तर तिच्यावरून प्रतिकृती निघो अथवा न निघो, 'मूळ' काय होते याचा एक विश्वासार्ह साक्षीदार तयार होईल. पुढे केव्हा साचा कोरला गेलाच, तर त्याच्यापुढे निदान योग्य पाठ असेल.